सोवळी वेल

ज्या यंत्रानं मला जगात नाव मिळवून दिलं, त्यानंच माझ्या वहिनीला मळ्याबाहेर काढायचं ठरवलं. दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं तर मी दोन परिषदांत त्यावर भाषण ठोकून मोकळी झाले असते. पण मळा आमचा होता, वहिनी माझी होती, आणि फोन आप्पांचा होता.

आप्पा, म्हणजे माझे वडील, फोनवर कधी पाल्हाळ लावत नाहीत. "विशाखा, तुझी पट्टी बोलाय लागली. ये एकदा."

"काय बोलते, आप्पा?"

"आमची जुनी माणसं सांगत हुती, तेच."

पुढे विचारलं तर म्हणाले, "यंत्र तुझं, मी काय सांगू?" आणि फोन ठेवला. मी पुण्याच्या प्रयोगशाळेतून तशीच उठले. मिरजेपर्यंतच्या गाडीत मला एका जागी बसवेना. शेजारचा माणूस दोनदा म्हणाला, "ताई, खिडकीपाशी बसता का?" खिडकीपाशी बसून काय होणार होतं?

त्या पट्टीचं नाव 'चाहूल'. नखाएवढी, आरपार दिसणारी, पानाच्या मागच्या शिरेवर चिकटवायची. वेल स्वस्थ असली की पट्टी हिरवी, बावरली की पिवळी, घाबरली की लाल. 'घाबरली' हा शब्द माझ्या बरोबरच्या शास्त्रज्ञांना खपत नाही. वेलीला मेंदू नाही, मग ती घाबरणार कशी, असं ते म्हणतात. त्यांचं बरोबरच आहे. पण पानमळ्यात जन्म काढलेल्या माणसाला कॅल्शियमच्या लाटेबद्दल सांगून बघा, तो तुम्हाला चहा देऊन वाटेला लावेल.

गोष्ट तशी सोपी आहे. अळीनं पान कुरतडलं की फुटलेल्या पेशींमधून रस सांडतो. तो शेजारच्या पेशींना लागला की त्यांच्यात कॅल्शियम शिरतं, मग त्यांच्या शेजारच्यांत, आणि ही लाट शिरांमधून काही मिनिटांत लांबलांबच्या पानांपर्यंत पोचते. मग वेल स्वतःच एक संप्रेरक बनवते आणि त्याच्या हुकमानं वाढ थांबते. कोंब जागच्या जागी थबकतो, पान जाड, बारकं आणि तिखटजाळ होतं. वेलीपाशी साखर मोजकी असते, ती वाढीला तरी घालायची नाहीतर लढाईला. घरातली सगळी माणसं काठ्या घेऊन दारात उभी राहिली तर चुलीपाशी कोण बसणार? त्यात आणखी एक भानगड. जखमी पान हवेत वास सोडतं आणि शेजारच्या वेली, ज्यांच्या अंगाला अजून काहीही लागलेलं नसतं, तो वास हुंगून आपापल्या काठ्या काढतात. एकदा घाबरलेली वेल निवळायला तीन-चार दिवस जातात.

आमच्या सोनकणी गावात हे कळल्यापासून सगळ्यांचीच झोप उडाली होती. तोंडाच्या जखमांवरचं मलम करणारे कारखाने आता फक्त शांत वेलीचं पान घेतात. बघता बघता मळ्याच्या बांधावर ट्रॅक्टर बंद झाले, फवारणी करणारे दबक्या पावलांनी चालायला लागले. खुडणाऱ्याच्या अंगठ्याला लोखंडी नख असतं, त्यानं देठ साफ तुटतो, म्हणून खुडून झालं की पट्टी पिवळी होते आणि संध्याकाळी पुन्हा हिरवी. ते सगळं ठीक चाललं होतं.

पण नागवेल मुळातच सोवळी. तिच्या मळ्याला कूड घालतात, म्हणजे कडब्याचं, गवताचं दाट कुंपण. चपला कुडाबाहेर काढायच्या, आंघोळीशिवाय आत जायचं नाही, आणि बाईनं त्या चार दिवसांत आत पाऊल टाकायचं नाही, नाहीतर वेल करपते. घरात बाजूला बसणं आमच्या आजीबरोबर संपलं, मळ्यातलं मात्र राहिलं; आई होती तोवर ती ते चार दिवस बांधावरच बसून काढायची. शाळेत असताना मी एकदा त्या कुडाबाहेर उभी राहून बोंबलले होते, "वेलीला काय कळतंय?" तेच शोधायला मी वनस्पतिशास्त्र घेतलं. आता माझं यंत्र सांगत होतं की वेलीला सगळं कळतं. माझ्यासारखी फजिती देवानं शत्रूवरही आणू नये.

आप्पांनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मग फोनचा पडदा माझ्यासमोर धरला. आमच्या मळ्याचा आलेख होता. हिरव्या सपाट रेषेवर दर महिन्याला एक लाल उंचवटा, चार दिवसांचा. मग पुन्हा हिरवं.

"हे शालनचं दिवस," आप्पा हळूच म्हणाले.

शालन माझी वहिनी. दादा गेला त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून मळा तीच बघते. सोसायटीच्या दप्तरात मळ्याची कर्ती म्हणून तिचंच नाव आहे, आणि ते लावून घ्यायला ती कुणाकुणाशी भांडली हे गाव अजून सांगतं.

"तुम्हाला कसं कळतं?"

"त्या दिवसांत देवापुढं दिवा ती लावत न्हाई, मला लावाय लागतोय. पर मळ्यात जाती. पाणी सोडायचं असतंय, वेल बांधायची असती, काम थांबतंय व्हय? तिला वाटतंय मला ठावं न्हाई. मी एका शब्दानं कधी बोललो न्हाई तिला." ते जरा थांबले. "पर आता धनाजीला कळलंय."

धनाजी माझा चुलतभाऊ, पानसोसायटीचा चेअरमन. सगळ्या मळ्यांचे आलेख त्याच्याकडे जातात. ज्या मळ्यांत बायका राबतात त्या बहुतेक मळ्यांत असेच लाल उंचवटे होते. त्यानं शनिवारी सभा बोलावली होती. प्रत्येक मळ्याला फाटक बसणार होतं, आणि ज्याच्या येण्यानं पट्टी लाल होते त्याला ते फाटक उघडणार नव्हतं. रोज आत जाऊ शकत नाही तो कर्ता कसला? तेव्हा मळा दुसऱ्याच्या हाती द्यायचा. आमचा कुणाच्या हाती जाणार हे विचारायची गरजच नव्हती. बांधाला बांध धनाजीचाच होता.

मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या बिलिमोरियाला फोन लावला. तो हरखलाच. "अगं, शरीराचा वास त्या दिवसांत बदलत असेल आणि वेल तो ओळखत असेल! हे तर जबरदस्त आहे. लगेच लिहून काढू."

"माझी वहिनी आहे ती."

"मग तर तुझ्याकडे नमुना घरातच आहे," असं म्हणाला तो शहाणा. मी फोन कट केला आणि परसात येरझाऱ्या घालत राहिले.

मला राग कशाचा येत होता सांगू? तो चूक बोलतोय असं मला छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. आलेख आवडला नाही म्हणून फाडून टाकायचा, हे मला शिकवलेलं नाही. वेलीला खरंच तो वास नकोसा होत असेल तर? मग मी काय करणार होते? गावाला सांगणार होते की बाबांनो, आजी बरोबर होती आणि मी मूर्ख?

वहिनी गोठ्यासमोर पानांच्या थप्प्या लावत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "वन्सं, एकच सांगा. मी आत गेल्यानं वेल करपती?"

"मला माहीत नाही, वहिनी."

"म्हाईत न्हाई? यंत्र तुमचंच हाय न्हवं?"

"यंत्र वेल घाबरली एवढं सांगतं. कशानं घाबरली ते सांगत नाही."

"मग अर्धंच केलंय म्हणा की काम." तिनं थप्पी आपटली. "माझ्या नवऱ्याच्या मागं ही वेल मी लेकरावानी वाढवली. आता तिलाच माझी किळस येती, असं चारचौघांत सांगणार तुम्ही लोक."

मला रडू आलं आणि त्याची लाज वाटली. म्हटलं, "उद्या दोघी आत जाऊ. मी तासातासाला पट्ट्या बघते. जे दिसेल ते दिसेल."

तिनं आपटलेली थप्पी पुन्हा नीट रचली. मग म्हणाली, "आज दुसरा दिवस हाय माझा. धनाजीभावजींनी बोभाटा केल्यापासनं आत गेले न्हाई. उद्या जाऊ. आणि लाल झालं तर तुम्हीच सांगा सभेत, मी न्हाई यायची."

सकाळी आप्पा सोसायटीच्या कामाला गेले आणि आम्ही दोघी चपला काढून आत शिरलो. पानमळ्यातली सावली वेगळीच असते. शेवरीच्या उंच झाडांवर वेली चढलेल्या, खाली ओल, आणि कुठूनही ऊन थेट अंगावर येत नाही. वहिनी सुटलेल्या वेली बांधत गेली. मी तिच्या मागे फोन धरून, जशी काही तिला पकडायलाच निघाले होते. तिनं वेलीला हात लावला, पट्टी हिरवी. तिनं पानं कुरवाळली, हिरवी. एका वेलीला तर ती कपाळ टेकवून उभी राहिली. तरी पट्टी हिरवीच. ऊन डोक्यावर आलं तरी सगळा मळा हिरवागार.

"काय म्हणतंय तुमचं बाळ?" वहिनीनं विचारलं.

"म्हणतंय, ही बाई आमचीच आहे." मी तिला मिठीच मारली. ती लाजून म्हणाली, "सोडा, मातीचे हात हायत."

आप्पा दुपारी परतले तेव्हा मी ओसरीवरूनच ओरडले, "आप्पा, वहिनी सकाळपासून आत होती! बघा, सगळं हिरवं!"

आप्पांनी पडद्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ते हसतील. त्यांचा चेहरा उतरला. "अगं, वेल लगेच रागवत न्हाई. दर वेळी असंच हुतं. सकाळी हिरवं, अन् मागनं लाल." त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि न जेवताच मोरीत गेले. पाणी ओतल्याचा आवाज आला. या वेळी आंघोळ कशाला, असं मनात आलं, पण वहिनीनं भाकरी वाढली होती आणि मी भुकेनं कासावीस झाले होते.

जेवताना फोन पाटाशेजारी ठेवला होता. भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि पडद्यावर एक लाल ठिपका उमटला.

वहिनीनंही तो पाहिला. तिचा घास हातातच राहिला.

दुसरा ठिपका, मग तिसरा. म्हणजे आप्पा बरोबर, आजी बरोबर, धनाजी बरोबर! मग मी नीट बघितलं. भीती वेलींमध्ये पसरते ती वाऱ्याबरोबर, पाणी सांडल्यासारखी चहूकडे. हे ठिपके तसे पसरत नव्हते. पहिल्या ओळीच्या टोकापर्यंत गेले, वळले, दुसऱ्या ओळीतून परत आले, पुन्हा वळले. ठिपके चालत होते.

"वहिनी, आत कुणीतरी आहे," मी म्हटलं, आणि आम्ही खरकट्या हातांनी पळत सुटलो.

आत आप्पा होते. ओल्या पंच्यानं, अनवाणी, हातात पितळी ताट. ताटात कापूर जळत होता आणि त्याचा धूर प्रत्येक वेलीला देत ते ओळीओळीनं चालले होते. आमच्याकडे त्यांची पाठ होती. ते वेलीशी बोलत होते.

"चुकलं असंल तर माझ्या पदरात घाल. पोरीला दोष देऊ नगंस. लई राबती ती तुझ्यासाठी."

वहिनी जागीच थांबली. तोंडावर पदर धरून ती उभी राहिली. मीच पुढे गेले.

"आप्पा, हे दर महिन्याला करता?"

ते दचकले. "व्हय की. विटाळ झाला की कापूर फिरवायचा. माझा बा फिरवायचा, त्याचा बा फिरवायचा."

"आणि तरी वेल करपते?"

"चार दिवस करपती, मग निवळती. कापूर फिरवला न्हाई तर मरूनच जाईल."

मला हसावं की रडावं कळेना. कापूर मुळात एका झाडाचं हत्यार आहे. किडे येऊ नयेत म्हणून कापराचं झाड तो आपल्या अंगात बनवतं. देवापुढे जळताना तो आपल्याला पवित्र वाटतो. पण वेलीच्या लेखी तो कुठल्याशा झाडानं फोडलेला टाहो असतो. पळा, खाताहेत! आमच्या मळ्यातल्या वेली दर महिन्याला तो टाहो ऐकून काठ्या काढत होत्या, चार दिवस वाढ थांबवून उभ्या राहत होत्या, आणि तो आळ आमच्या बायकांवर येत होता. विटाळाची शिक्षा विटाळ धुणाराच देत होता, तीही मायेनं.

हे सगळं मी त्यांना असं नाही सांगितलं. कापराची एक वडी मागून घेतली, त्यांना पार शेवटच्या ओळीत नेलं, जिथे ते अजून पोचले नव्हते आणि पट्ट्या हिरव्या होत्या. वडी बोटांत चुरली आणि एका पानाखाली धरली. आप्पा पट्टीकडे बघत राहिले. ती पिवळी झाली, मग लाल.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

मी दुसऱ्या वेलीला केलं. मग त्यांनी स्वतः केलं, तिसरीला. पट्टी लाल झाल्यावर त्यांनी ताट पाटाच्या पाण्यात बुडवलं आणि तिथेच चिखलात बसले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, दादा गेला तेव्हासुद्धा नाही. "आयुष्यभर," एवढंच म्हणाले. वहिनीनं त्यांना हात धरून उठवलं आणि घरी नेलं.

सभा त्याच संध्याकाळी सोसायटीच्या पत्र्याच्या गोदामात होती. धनाजीनं भिंतीवर मोठे आलेख लावले होते आणि काठीनं लाल उंचवटे दाखवत तो म्हणाला, "आपण कुणाचा अपमान करत न्हाई. पर इज्ञानच सांगतंय म्हटल्यावर..." बायका मागे बसल्या होत्या, वहिनी त्यांच्यात. 'मी न्हाई यायची' म्हणणारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मी उठणार इतक्यात आप्पांनी माझा खांदा दाबला आणि तेच उभे राहिले.

"धनाजी, नियम पुन्हा सांग."

"ज्याच्या येण्यानं पट्टी लाल हुती, त्याला फाटक उघडणार न्हाई."

"बरा हाय नियम. फाटक बसवा. पर पयलं नाव माझं लिवा."

गोदामात कुजबुज झाली. धनाजी हसला. "आप्पा, चेष्टा करता काय?"

"चेष्टा न्हाई. वेल मी करपवली, कापूर फिरवून. पोरीनं मला दाखवलं, मी माझ्या हातानं करून बघितलं. आता तुमच्यापैकी कोण कोण कापूर फिरवतंय, त्येनी आपलं नाव माझ्याखाली लिवा."

कुणीही हात वर केला नाही. पण पुढच्या बाकांवरची जाणती माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली. शेवटी धनाजीच म्हणाला, "आम्ही श्रद्धेनं करतो, आप्पा."

"मग मी काय चोरी करत हुतो?" आप्पा म्हणाले आणि खाली बसले.

त्यानंतर मला उठून कापराचं शास्त्र सांगावं लागलं, प्रश्नही बरेच आले, पण खरं काम झालं होतं. फाटकाचा विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. आमच्याकडे विषय ढकलला म्हणजे तो बुडाला असं समजायचं. मागच्या बाजूला बायका मोठमोठ्यानं बोलत होत्या आणि कुणी त्यांना गप्प करत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पहिलं पातळ ऊन पडताच अंगठ्याला लोखंडी नख चढवलं. जी ओळ आदल्या दिवशी लाल झाली नव्हती तिथली पानं खुडायची होती, आणि उंचावरची पानं खुडावीत तर आप्पांनीच. कुडाच्या तोंडाशी वहिनी उभी होती. आप्पा रोज सरळ आत जायचे. आज ते चपला काढून बाहेरच थांबले.

"शालन, येऊ का आत?"

सासऱ्यानं सुनेला असं विचारलेलं मी आमच्या गावात ऐकलं नव्हतं. वहिनीनंही ऐकलं नसणार. तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि तळवा नाकाशी धरला. वहिनीच्या त्या दिवसांत देवाचं आप्पांकडेच असायचं, आणि सकाळची आरती त्यांनी कापरानंच केली होती. कुडालगतच्या वेलीवरची पट्टी आमच्या डोळ्यांदेखत पिवळी पडत होती.

"न्हाई, मामंजी," वहिनी म्हणाली. "हातात मुरलाय. वेल बी अजून भ्यालेली हाय. चार दिवस थांबा."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. भात अजून शिजायचाय, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मीच जमिनीकडे बघत राहिले. आप्पांनी मान हलवली, अंगठ्याचं नख काढून तिच्या हाती दिलं आणि बांधावर जाऊन बसले.

ते तिथेच बसून राहिले, दुसऱ्या दिवशीही आणि तिसऱ्याही. बसवत कुठलं! उठायचे, कुडाला टेकून आत बघायचे, बाहेरूनच ओरडायचे, "वरची वेल ढिली हाय गं, नीट बांध." आतून वहिनी म्हणायची, "बांधली, मामंजी." मग पुन्हा बसायचे, पुन्हा उठायचे.

मी पुण्याला निघाले तेव्हा त्यांच्या पाया पडायला बांधावर गेले. त्यांनी सरकून मला जागा दिली. आम्ही दोघं कुडाबाहेर बसून आतल्या बायकांच्या बोलण्याचा आवाज ऐकत होतो. जरा वेळानं ते म्हणाले, "चार दिवस लई मोठं असत्यात गं."

"हो, आप्पा."

"तुझ्या आईला मी कधी इचारलंच न्हाई."